आज जावचा नाय

(प्रस्तावना)

कणकवलीला समुद्र नाही. गड आणि जानवली या दोन नद्या आहेत, गावावरून जाणारा उड्डाणपूल आहे, रेल्वे स्टेशन आहे, आणि मालवण, आचरा, देवगड, विजयदुर्ग अशा चारी वाटांच्या एसट्या जिथून सुटतात तो स्टँड आहे. समुद्र बघायचा तर तासाभराची वाट. तरी समुद्रावर कामाला जाणारी पोरं मी सगळ्यांत जास्त बघितली ती याच गावात. कुणी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात रिगर, कुणी बार्जवर वेल्डर, कुणी सप्लाय बोटीवर मेसमन. गणपतीला रजा मिळाली तर चतुर्थीच्या आदल्या रात्री स्टेशनावर उतरतात. नाही मिळाली तर आई फोनवरून आरती ऐकवते.

त्यांतल्या बऱ्याच जणांना फाइल कशी धरायची हे मी शिकवलं. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. पहिल्या दिवशी मी कुणाच्या हातात हत्यार देत नसे. मनगटातलं घड्याळ, कडं, गळ्यातली चेन, बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवा, शर्टाच्या बाह्या आवरा, लोंबणारं काही मशीनजवळ न्यायचं नाही, एवढंच त्या दिवसाचं शिक्षण. मला त्याचा अभिमान होता. पण खरं सांगायचं तर सुरक्षिततेचा बाकीचा धडा मी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून उरकत असे. पोरं तो वहीत उतरवून घेत, परीक्षेत त्यावर हमखास येणारे दोन प्रश्न पाठ करत, आणि वर्षभर कुणी पुन्हा ते पान उघडत नसे. मीही नाही.

ही चूक ध्यानात आणून दिली ती माझ्याच एका विद्यार्थ्याने. दक्षिण गोव्यात बेतूल इथे प्रशिक्षण संपवून तो मुंबईला परत निघाला होता, मध्ये एक दिवस घरी उतरला आणि मला भेटायला आला. हेलिकॉप्टरची केबिन तलावात सोडून उलटी करतात, आत पट्ट्याने बांधलेली माणसं असतात आणि पाण्याखालून बाहेर पडायचं असतं, हे तो हात हलवून हलवून सांगत होता. शेवटी म्हणाला, "नाकात पाणी गेला, तरी खिडकेवरचो हात सोडूक नाय, सर." मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात होतं? तो हसला. "पुस्तकात खयचा? माका चार येळा उलटो केल्यानी."

तो आणि त्याच्याच तुकडीतला, सध्या परदेशात समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करणारा दुसरा एक विद्यार्थी, या दोघांनी मिळून ही पुस्तिका लिहिली आहे. सागरी पवन ऊर्जेच्या कामावर जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना तिथलं सुरक्षा प्रशिक्षण काय असतं, कशासाठी असतं आणि ते घेताना काय विचारायचं असतं, हे त्यांच्या भाषेत सांगावं असा हेतू आहे. प्रस्तावना मी लिहावी हा त्यांचा हट्ट. फळ्यावरच्या त्या धड्याचं प्रायश्चित्त म्हणून मी तो मान्य केला.

*

पहिला प्रश्न कुणीही विचारील: समुद्रातल्या पवनचक्क्या आपल्याकडे आहेत कुठे? प्रश्न रास्त आहे. वाऱ्यावरची वीज कोकणाला नवी नाही. १९८६ साली देशातले पहिले प्रात्यक्षिक पवन प्रकल्प उभे राहिले तेव्हा निवडलेल्या किनाऱ्यांत रत्नागिरी होती. तेव्हाचं एकेक यंत्र जेमतेम ५५ किलोवॅटचं. देवगडच्या कड्यावरच्या पवनचक्क्या तर आमच्या जिल्ह्यात शाळेच्या सहलीचं ठिकाण आहे. पुढे हा उद्योग साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर आणि धुळ्याच्या साक्री तालुक्यात पसरला. समुद्रात मात्र पहिला प्रकल्प डेन्मार्कने उभारला, १९९१ साली, विंडेबी इथे. अकरा यंत्रं, प्रत्येक ४५० किलोवॅटचं. आज १५ मेगावॅटची यंत्रं आहेत; त्यांतल्या एकाच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास २३६ मीटर भरतो.

आपल्याकडे केंद्र सरकारचं सागरी पवन ऊर्जा धोरण २०१५ साली आलं. २०१७च्या अखेरीस खंभातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, वारा मोजणारं लायडार यंत्र बसवलं गेलं. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट, आणि त्याच रकमेतले ६०० कोटी दोन बंदरं या कामाला योग्य करण्यासाठी. हे लिहीत असताना भारताच्या समुद्रात अशा प्रकल्पाचं एकही पातं फिरत नाही. मग पुस्तिकेची घाई कशाला?

घाई अशासाठी की यंत्र उभं राहायला लागल्यावर शिकवायला बसणं म्हणजे होडी पाण्यात लोटल्यावर फटी बुजवणं. शिवाय आपली माणसं गुजरात-तमिळनाडूची वाट बघत थांबलेली नाहीत. उत्तर समुद्रापासून तैवानपर्यंत जिथे ही कामं निघतात तिथे ती जात आहेत. आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं कारण: समुद्रावरच्या उद्योगाचा पन्नास वर्षांचा अनुभव आपल्या दाराशीच आहे. बॉम्बे हायचं तेल १९७४ साली सापडलं. तिथे जे शिकलो, आणि जे शिकायला किती जीव द्यावे लागले, ते पवनचक्कीवर जाणाऱ्याने पहिल्यांदा वाचायला हवं.

*

ती किंमत सांगायची तर तेलाच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. लाट आली, बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला खबर लागायलाच कित्येक तास गेले. जे वाचले त्यांतले अनेक जण रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांमुळे. त्यांनी मासळी पाण्यात ओतली आणि माणसं आत ओढली. आमच्या आजीच्या पिढीत पावसाळ्यात बोटीचं नाव काढलं की "रामदास" एवढा एकच शब्द पुरे असे.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई पाण्याखाली गेलेली, आणि तिकडे समुद्रात मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर बॉम्बे हाय नॉर्थ हा तेलाचा फलाट. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती. उपचारासाठी त्याला पाळण्यातून फलाटावर चढवायचं म्हणून जहाज उसळत्या लाटांत फलाटाला भिडलं, वायूच्या उभ्या नळांवर आदळलं, वायू सुटला आणि भडका उडाला. दोन तासांत फलाट उरला नाही. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. या दुर्घटनेत मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की तिची सुरुवात वाईट हेतूतून झाली नाही, आळसातूनही नाही. एका जखमी माणसाला मदत करण्याच्या घाईतून झाली.

आणि मे २०२१. तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून वर सरकलं ती रात्र इथल्या प्रत्येकाला आठवते. कणकवलीतही माड मोडले, पत्रे उडाले, दिवसचे दिवस वीज नव्हती. वादळ येणार हे हवामान खात्याने आधी सांगितलं होतं. तरी हीरा तेलक्षेत्रात पी-३०५ ही बार्ज २६१ माणसांना घेऊन नांगरलेली होती. राहण्याची बार्ज, तिला स्वतःचं इंजिन नसतं. नांगर तुटले, बार्ज वाहत गेली, एका रिकाम्या फलाटावर आपटली आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. लाइफ जॅकेट घालून लाटांत रात्र काढलेल्या माणसांना नौदलाच्या जहाजांनी उचललं. १८६ वाचली. त्याच वादळात बुडालेल्या 'वरप्रदा' या टगवरच्या तेरा जणांपैकी दोघं. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली.

ही यादी घाबरवण्यासाठी दिलेली नाही. पुस्तिकेतल्या एकेका प्रकरणामागे असा एकेक दिवस उभा आहे, तो दिसल्याशिवाय ते प्रकरण म्हणजे पुन्हा माझा फळा होईल, म्हणून दिली.

*

आता प्रशिक्षणाविषयी. पवनचक्क्या बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी २०१२ साली ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था उभी केली. तिने ठरवलेलं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आज जगभर चालतं. त्याचे पाच भाग: प्रथमोपचार, ओझं उचलण्याची पद्धत, आगीची जाण, उंचीवरचं काम आणि समुद्रात तग धरणं. पहिले चार जमिनीवरच्या पवनचक्कीलाही लागतात, पाचवा फक्त समुद्रावर जाणाऱ्याला. दर दोन वर्षांनी उजळणी करावी लागते, नाहीतर प्रमाणपत्र बाद. मर्चंट नेव्हीसाठी समुद्रात तग धरण्याचा पीएसटी वगैरे कोर्स केलेल्या मुलांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ओळखीचं वाटलं की डुलकी लागते, सावध राहा.

उंचीवरचं काम म्हटलं की आमच्याकडे माड आठवतो. पायात दोराचं कडं अडकवून पाडेली सरसर वर जातो, कोयता कमरेला, एका हाताने झावळी धरून दुसऱ्याने नारळ तोडतो. त्याचं कौशल्य बघत राहावं असं असतं, आणि तो पडला की त्याच्या घरी काय होतं तेही आम्ही बघितलं आहे. नारळ विकास मंडळाने २०११ साली माडावर चढणाऱ्यांसाठी यंत्र, प्रशिक्षण आणि अपघात विमा अशी योजना काढली ती त्यासाठीच. माड पन्नास-साठ फुटांचा. समुद्रातल्या पवनचक्कीचा डोलारा शंभर मीटरच्या वर. तिथे पट्टा, दोर, हूक हे सगळं असतंच, पण पुस्तिकेत ठळक टाइपात जे वाक्य आहे ते दुसरंच आहे: एकट्याने वर जायचं नाही. कारण पडता पडता पट्ट्याने धरलेला माणूस वाचला असं आपण समजतो, आणि तो मात्र दोरावर लोंबकळत असतो. पायात रक्त साकळतं, थोड्याच वेळात शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. किनाऱ्यावरून मदत यायला तास लागतील. त्याला खाली आणणारा माणूस त्याच्या शेजारीच हवा, आणि त्याने ते आधी दहादा करून बघितलेलं हवं.

आगीचंही तसंच. २९ ऑक्टोबर २०१३ रोजी नेदरलंड्समध्ये ओल्टखेन्सप्लाट इथे जमिनीवरच्याच एका पवनचक्कीच्या माथ्यावर आग लागली. वर गेलेल्या तंत्रज्ञांपैकी दोघं अडकले आणि दगावले. एक १९ वर्षांचा, दुसरा २१. माझ्या वर्गातल्या पोरांच्या वयाचे. माथ्यावरची खोली एका एसटीएवढी, त्यात तेल, केबली आणि फिरतं यंत्र. उतरायची वाट आगीच्या पलीकडे राहिली तर दोराने बाहेरून उतरायचं साधन कुठे टांगलंय हे डोळे मिटून सापडलं पाहिजे.

समुद्रात तग धरण्याचा भाग पुस्तिकेत सर्वांत लांब आहे आणि तो तसाच हवा. रोजचा धोका वादळाचा नसतो, चढउताराचा असतो. छोटी बोट आपलं नाक पवनचक्कीच्या खांबाला दाबून धरते, लाटेबरोबर वरखाली होत राहते, आणि माणसाने बोटीवरून शिडीवर पाय टाकायचा. लाट वर आलेली असताना टाकायचा. ती खाली जात असताना टाकला तर बोट पुन्हा उसळून पाय चिरडू शकते. दीड मीटरच्या वर लाट गेली की अशा बोटींवरून चढउतार बहुधा बंद ठेवतात. मालवणच्या पोराला वाटेल, हे तर आम्ही लहानपणापासून करतो, जेटीवरून होडीत उडी मारायला काय शिकायचं? त्याने खंभातचं आखात आठवावं. देशातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी तिथे आहे. ओहोटीला उघडी पडलेली शिडी म्हणजे शेवाळाने बुळबुळीत झालेले कितीतरी मीटर, आणि पाठीवर हत्यारांचं ओझं.

हेलिकॉप्टरचं पाण्याखालचं प्रशिक्षण या पाच भागांत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. आपल्या समुद्रात ते हौसेचं नाही हे सांगायला दोन तारखा पुरेत. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ तेलक्षेत्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं, सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी 'सागर किरण' रिगजवळ दुसरं पाण्यात उतरलं, नऊपैकी पाच वाचले. बेतूलला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची सुरक्षा प्रशिक्षण संस्था १९८९पासून आहे, आणि तिथेच ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सागरी तग धरण्याच्या प्रशिक्षणाचं नवं केंद्र सुरू झालं. वर्षाला दहा ते पंधरा हजार माणसं शिकवण्याची त्याची आखणी आहे. कृत्रिम लाटा, वारा, अंधार सगळं तिथे तयार करता येतं. साळ नदी समुद्राला मिळते ते हे गाव, कणकवलीहून मडगावला उतरलं की जवळच. आपल्या मुलांना हे ठिकाण इतकं हाताशी असावं ही भाग्याची गोष्ट आहे.

एक सूचना मी लेखकांना केली आणि त्यांनी ती मानली. हे सगळं प्रशिक्षण मुळात थंड समुद्रासाठी घडलं. उत्तर समुद्रात पडलेला माणूस पहिल्या मिनिटाला गारठ्याच्या धक्क्याने दगावू शकतो, म्हणून तिथे जाड सूट, गुडघे पोटाशी घेऊन ऊब राखणं, यावर भर. अरबी समुद्र कोमट. इथे माणूस मरतो तो दमून, लाटांचं पाणी नाकातोंडात जाऊन, उन्हाने, तहानेने आणि एकटा पडल्याने. त्यामुळे एकमेकांना धरून गट करणं इथेही शिकायचं, पण कारण वेगळं: गट लांबून दिसतो, आणि दमलेल्याला दुसरा धरून ठेवतो. कारण माहीत असलं तर कृती लक्षात राहते. आणि ती सांगितली गेली पाहिजे मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, ज्याला जी कळते तीत. इंग्रजीत ऐकलेली सूचना वर्गात समजते. कानात पाणी शिरल्यावर माणसाला आईचीच भाषा ऐकू येते.

*

इथपर्यंत पुस्तिकेची ओळख झाली. आता माझं स्वतःचं एक म्हणणं, ज्यावर लेखकांशी माझा वाद झाला आणि ज्यामुळे शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं गेलं.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं समुद्राचे जाणकार म्हणवतो. या जाणकारीत पोहणं, वल्हवणं, जाळं टाकणं सगळं येतं, पण तिचा गाभा वेगळा आहे. तांडेल पहाटे किनाऱ्यावर येतो, आभाळाकडे बघतो, वाऱ्याची दिशा घेतो, पाण्याचा रंग बघतो, आणि कधी कधी नुसतं म्हणतो, "आज जावचा नाय." वाद नाही, कारणं नाहीत. जाळी पुन्हा खांद्यावर टाकून सगळे घरी. नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही हा रिवाज हेच सांगतो, आणि आता सरकारी बंदीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. दर्यावर्दी माणसाचं पहिलं शास्त्र परत फिरण्याचं आहे.

तोच माणूस, किंवा त्याचा मुलगा, बार्जवर कामाला गेला की हे शास्त्र त्याच्या हातून काढून घेतलं जातं. आभाळ त्याला तेवढंच कळत असतं. पण जायचं की थांबायचं हे ठरवणारा माणूस कुठेतरी किनाऱ्यावर, कागदावर, दिवसाच्या भाड्याच्या हिशेबात असतो. मे २०२१मध्ये पी-३०५वर आभाळ वाचू शकणारी माणसं नव्हती असं मला वाटत नाही. निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडजवळ 'पायपर अल्फा' या तेलफलाटावर स्फोट झाले, १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी झडप काढून ठेवलेला पंप पाळी बदलल्यावर चालू केला गेला, कारण एक कागद दुसऱ्या पाळीपर्यंत पोचला नव्हता. पण त्याहून जास्त शिकवणारी गोष्ट पुढे आहे. आग दिसत असताना शेजारचे दोन फलाट त्याच वाहिनीत तेल ढकलत राहिले. तिथल्या प्रमुखांना आपल्या हुकमाने उत्पादन थांबवण्याचा धीर झाला नाही. आणि ज्यांनी शिकवल्याप्रमाणे राहण्याच्या खोल्यांत जमून हेलिकॉप्टरची वाट बघितली, त्यांच्यातले बहुतेक तिथेच धुरात गुदमरले. जे ६१ वाचले त्यांतले अनेक वाट न बघता खाली उतरले किंवा त्यांनी उंचावरून समुद्रात उड्या टाकल्या. न्यायमूर्ती कलन यांच्या १९९०च्या अहवालाने १०६ शिफारशी केल्या आणि समुद्रावरच्या उद्योगाची घडीच बदलली. त्या अहवालातून मी घेतलेला धडा असा: आज्ञाधारकपणा आणि प्रशिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुसतं ऐकायला शिकवलेला माणूस चुकीचा हुकूमही तितक्याच मन लावून पाळतो.

म्हणून शेवटच्या प्रकरणाचं नाव आहे 'काम थांबवणं'. चांगल्या कंपन्यांत आज हा हक्क कागदावर प्रत्येकाला असतो, हेल्परपासून. धोका दिसला तर "स्टॉप" म्हणायचं, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोल लावायचा नाही. कागदावरून तो तोंडात यायला मात्र सराव लागतो, जसा केबिन उलटी झाल्यावर हात न सोडण्याचा लागतो. ठेकेदाराच्या मुकादमासमोर, रोजावर असताना, घरी हप्ते चालू असताना "थांबा" म्हणणं हे पाण्याखालच्या खिडकीहून अवघड आहे. लेखकांनी या प्रकरणात प्रसंग घातले आहेत: मुकादम घाई करतोय, लाट वाढलीय, शिडीवर जोडीदाराचा पट्टा नीट बसलेला नाही. प्रत्येक प्रसंगानंतर मोठ्याने म्हणायची वाक्यं आहेत. वर्गात ती खरोखर म्हणून घ्या. पोरं आधी हसतील. हसू द्या, पण म्हणायला लावा.

वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. प्रशिक्षण दिलं म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, अपघात झाला तर कामगाराचीच चूक, असं या पुस्तिकेतून कुणी वाचू नये असं माझं म्हणणं होतं. उदाहरण घरचंच. आमच्या कणकवलीलगत वागदे गावात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभारला. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाला अप्पांनी हातमोजे घालायला शिकवलं नाही, किंवा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संडासाची रचनाच बदलली, म्हणजे मैला वाहायची वेळच कुणावर येऊ नये. सुरक्षिततेचं शास्त्र आज पहिल्या पायरीवर हेच सांगतं: आधी धोका काढून टाका, नाही निघाला तर त्याला कुंपण घाला, नियम करा, आणि हेल्मेट-पट्टा सगळ्यांत शेवटी. चढउतार न करता जे काम किनाऱ्यावरून होतं, त्यासाठी माणूस पाठवू नये. वादळाचा इशारा आला की बार्ज बंदरात असावी. प्रशिक्षण ही शेवटची भिंत आहे. तिच्या आधीच्या भिंती बांधणं कामगाराच्या हातात नाही, पण त्या आहेत का हे विचारणं त्याच्या हातात आहे. कुठले प्रश्न विचारायचे, त्यांची यादी पुस्तिकेच्या अखेरीस दिली आहे.

व्यवहाराचं एक. प्रमाणपत्रं विकणारे एजंट आमच्या भागात फिरतात. माझ्या एका विद्यार्थ्याने शेतीवर कर्ज काढून असा कागद घेतला. पाण्यात पाय न घालता मिळालेला. कंपनीच्या दारात तो चालला नाही. ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनची प्रमाणपत्रं विंडा नावाच्या एकाच नोंदवहीत असतात, तुमच्या नावाचा क्रमांक तिथे असतो, आणि तो पडताळता येतो. नोंद नसेल तर कागद कितीही रंगीत असो, त्याची किंमत शून्य. पैसे वाचले नाहीत तरी चालेल एक वेळ. खोट्या कागदावर शिडी चढलेला माणूस आपल्याबरोबर जोडीदारालाही घेऊन पडतो.

पुस्तिका कशी वाचावी? बसून वाचू नका. एक प्रकरण वाचलं की उठा आणि करून बघा. लाइफ जॅकेटचे पट्टे डोळे बांधून आवळा. घरातल्या माणसाला, तो ज्या खोलीत बसला आहे तिचं दार कुठल्या हाताला हे न बघता सांगायला लावा. दोराची गाठ ओल्या हाताने मारा. आणि दोन वर्षांनी उजळणीचं पत्र आलं की कंटाळा करू नका. हात विसरतात, ते मी आयुष्यभर बघितलं आहे.

हस्तलिखित पुरं झालं तेव्हा लेखकांतल्या एकाच्या वडिलांना मी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. देवगडकडचे तांडेल, सत्तरी ओलांडलेले, अजून पहाटे आभाळ बघून मग चहा घेणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हेका पुस्तक कित्याक व्हया, मास्तरांनू? आज जावचा नाय म्हणाचा, झाला."

मी म्हटलं, "तांडेलानू, होडी तुमची आसा. पोराची बार्ज पोराची नाय."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मगे लिवा."

कणकवली,
नारळी पौर्णिमा